पाथलिब, तीन आंबा सीझन वापरून झाल्यावर

पाथलिब म्हणजे पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली, फाइलींचे पत्ते म्हणजे पाथ सांभाळणारी लायब्ररी. आधीच सांगतो, ही वस्तू विकत घ्यायची नाही, पायथॉन टाकलं की त्याच्यासोबत फुकट येते, त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्नच नाही. तरी रिव्ह्यू लिहितोय कारण आमच्याकडे देवगडात पाऊस लागला की तसंही दुसरं काम नसतं, लाईट असेल तेवढा वेळ लॅपटॉप आणि गेली की पडवीत बसून पागोळ्या बघायच्या. आणि दुसरं म्हणजे पाथलिबबद्दल जे काय वाचायला मिळतं ते सगळं "वापरा, मस्त आहे, प्रॉब्लेम संपला" असंच असतं. मस्त आहेच. प्रॉब्लेम काय संपत नाही.

सेटअप सांगतो म्हणजे कळेल मी कुठून बोलतोय ते. काकांची हापूसची कलमं, तीन बागा, एक अगदी किनाऱ्याला, एक पऱ्याच्या (म्हणजे ओढ्याच्या) पलीकडे आणि एक घरामागे. बिलं आणि पेट्यांचे फोटो काकांच्या पडवीतल्या कॉम्प्युटरवर, विंडोज ७, बदलायला सांगितलं की काका म्हणतात "चालता हा मां, मगे?" माझा लॅपटॉप उबंटूवाला, म्हणजे लिनक्स. आणि पुण्याला चुलत बहीण, ताई, ती ऑर्डरी घेते आणि तिच्याकडे एक जुना मॅक. म्हणजे तीन मशीन, तीन जाती, आणि फोटो एकच. पेनड्राइव्ह आणि इंटरनेट यातलं जे त्या दिवशी चालू असेल त्यावरून फाइली इकडून तिकडे.

हे सगळं सुरू झालं तौक्तेमुळे. २०२१ च्या मे मध्ये ते वादळ आलं, पऱ्याकडची जुनी कलमं मुळासकट आडवी झाली, आणि पंचनाम्याच्या वेळी आधीची बाग कशी होती ते दाखवावं म्हटलं तर फोटो सापडेनात. काढले होते हे नक्की, काढणारा मीच. काका चार दिवस एकच विचारत होते, "फोटो खंय गेले रे?" मी तेव्हा कॉलेजात होतो, मला वाटलं आपणच एक छोटा प्रोग्राम लिहू, तिन्ही मशीनवरचे फोटो बाग, वर्ष, पेटी अशा फोल्डरमध्ये एका जागी लावणारा. दोन दिवसांचं काम वाटलं होतं हो.

पहिला सीझन, २०२२, मी पाथलिब वापरलं नाही. फोल्डरचं नाव अधिक रेघ अधिक फाइलचं नाव, असं गोंदाने चिकटवल्यासारखं लिहिलं, आणि काकांच्या मशीनवर चालावं म्हणून उलटी रेघ टाकली. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विंडोजवर फोल्डर आणि फोल्डरच्या मध्ये \ ही रेघ, लिनक्स आणि मॅकवर / ही. आणि पायथॉनमध्ये साध्या कोटात \ लिहिलं की त्याचा अर्थ "पुढचं अक्षर स्पेशल आहे" असा होतो. सी:\युजर्स लिहिताना त्या रेघेनंतर कॅपिटल यू येतो, पायथॉनला वाटतं युनिकोडचा (प्रत्येक अक्षराला नंबर देतात ते) आठ आकडी कोड सुरू झाला, तो आकडे शोधतो, मिळत नाहीत, प्रोग्राम सुरूच होत नाही. ते परवडलं, निदान तोंडावर ओरडतो. माझं झालं ते वेगळंच. डी ड्राइव्हवर एक फोल्डर होता तोडणी, नाव इंग्रजी अक्षरात, म्हणजे पहिलं अक्षर टी. \ आणि टी मिळून झाला टॅब. फाइल उघडेना, एरर आला, आणि एररमध्ये पाथ छापला तो बघायला एकदम बरोबर! कारण पायथॉन एररमध्ये टॅब छापतानाही \ आणि टी असाच छापतो. मी अर्धी रात्र तो पाथ डोळ्यांसमोर धरून बसलो होतो, फोल्डर आहे, नाव तेच आहे, मग सापडत का नाही. खूण एवढीच, की खरी उलटी रेघ असती तर एररमध्ये ती दोनदा दिसली असती. एकदाच दिसतेय म्हणजे ती रेघ नाहीच. हे कळायला दोन वाजले रात्रीचे.

ही उलटी रेघ आली कुठून हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता, शिव्या द्यायला कोणीतरी पाहिजे ना. तर विंडोजच्या आधी डॉस होतं, १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर ही भानगडच नव्हती. १९८३ ला डॉस २ आलं त्यात फोल्डर आले, पण युनिक्सवाली / तोवर डॉसमध्ये कमांडच्या ऑप्शनसाठी वापरात होती, म्हणून मग तिचंच उलटं चिन्ह घेतलं. बाकी काही नाही. तेव्हाची अडचण, निस्तरतोय मी चाळीस वर्षांनी पडवीत बसून. जपानी विंडोजवर तर बऱ्याच फॉन्टमध्ये त्या रेघेच्या जागी येनचं चिन्ह दिसतं, म्हणजे तिकडचे लोक पाथमध्ये पैसे मोजत असतील.

असो, पाथलिब. हे २०१४ ला पायथॉन ३.४ सोबत आलं, पण पहिली काही वर्षं अर्धवट वाटायचं कारण बाकीच्या लायब्रऱ्या त्याचे पाथ घेत नव्हत्या, ३.६ पासून ते जमलं. मुख्य गंमत अशी की पाथ हा नुसता शब्द राहत नाही, ती एक वस्तू होते, तिला विचारता येतं तुझं नाव काय, एक्स्टेन्शन काय, तुझ्या वरचा फोल्डर कोण. आणि जोडायला भागाकाराचं चिन्ह, फोल्डर भागिले फाइल, की झाला पाथ, ज्या मशीनवर चालतंय तिकडची रेघ ते आपोआप घालतं. काकांनी एकदा मागे उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "फोल्डराक फोल्डरान भागतस? बाकी काय उरता?" मला अजून उत्तर सुचलेलं नाही. पण वाचायला इतकं सोपं होतं की माझा दोनशे ओळींचा प्रोग्राम सव्वाशेवर आला, आणि चिकटवाचिकटवीच्या चुका गेल्या त्या गेल्याच. या एका कामासाठी पाचपैकी पाच, काय बोलायचंच नाही.

आता गैरसमज नंबर एक, आणि हा मलाही होता. लोकांना वाटतं पाथलिबमध्ये कुठलाही पाथ टाकला की ते ओळखून सरळ करतं. नाही करत. मी काकांच्या मशीनवर एक यादी बनवायचो, कुठल्या पेटीचा फोटो कुठे आहे त्याची, आणि ती माझ्या उबंटूवर वाचून त्याप्रमाणे छोटे फोटो बनवून ठेवायचो. यादीत अर्थातच उलट्या रेघा. प्रोग्राम एकदम सुरळीत चालला, एकही एरर नाही, बघतो तर एकाच फोल्डरमध्ये तीनशेच्या वर फाइली, आणि नाव काय तर "किनारा\२०२३\पेटी-१४" असं अख्खं एका फाइलचं नाव! कारण लिनक्सवर \ हे नावातलं साधं अक्षर आहे, जसा क तसा \. तिथे फाइलच्या नावात फक्त दोन गोष्टी चालत नाहीत, / आणि शून्य बाइट, बाकी तुम्ही काय पण ठेवा. मग पाथलिबने ते फोल्डर आहेत असं मानायचं तरी कसं? त्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता.

याचा इलाज पण त्याच डब्यात आहे, प्युअरविंडोजपाथ नावाचा. हा कुठल्याही मशीनवर चालतो, त्याला सांगायचं की बाबा हा पाथ विंडोजचा आहे, मग तो तुकडे नीट पाडतो, आणि अ‍ॅज पॉझिक्स म्हटलं की सरळ रेघांत परत देतो. जोडीला प्युअरपॉझिक्सपाथ, तो लिनक्स-मॅकच्या बाजूचा. मुद्दा एवढाच की पाथ कुठल्या गावचा ते तुम्ही सांगायचं, ते ओळखत नाही. मी आता नियम केलाय, यादीत, डेटाबेसमध्ये, कुठेही लिहून ठेवायचं ते / मध्येच आणि मुख्य फोल्डरपासून पुढचंच, सी ड्राइव्ह डी ड्राइव्ह काही लिहायचं नाही. विंडोज स्वतः बहुतेक ठिकाणी / चालवून घेतं, त्यामुळे काही अडत नाही. झिपच्या नियमातही आतल्या नावांना / च सांगितलेली आहे, तरी काही जुनी टूल्स \ घालून झिप बनवतात आणि लिनक्सवर उघडली की परत तोच वरचा तमाशा.

दुसरी गोष्ट लोकांना खटकते ती म्हणजे दोन टिंबं. पाथमध्ये ".." म्हणजे एक पायरी वर जा. पाथलिब दुहेरी रेघा एक करतं, एकटं टिंब काढून टाकतं, पण ".." ला हात लावत नाही. पायथॉनचं जुनं ओएस डॉट पाथ, त्यातलं नॉर्मपाथ मात्र लावतं, "बाग/२०२४/.." दिलं की "बाग" करून देतं. मग पाथलिब आळशी का? तर नाही, आणि हे मला पऱ्यावरचा साकव बघून समजलं, खोटं नाही सांगत. आमच्या वाडीतून साकव ओलांडला की थेट पलीकडच्या वाडीतल्या बागेत पाय. आता बागेत उभ्या माणसाला सांगितलं "एक पायरी मागे, वाडीत जा", तर कुठल्या? तो आला आमच्या वाडीतून, पण ती बाग तर पलीकडच्या वाडीची, गावाच्या नकाशात तिच्या वरची वाडी ती. फोल्डरमध्ये साकव म्हणजे सिमलिंक, दिसायला इथला फोल्डर पण खरा दुसरीकडेच. नुसता पाथ वाचून ".." खोडलं तर आपल्या वाडीत येऊ, आणि डिस्कवर प्रत्यक्ष चालत गेलं तर दुसऱ्या. म्हणून पाथलिब म्हणतं मी कागदावर बघून खोडणार नाही, खरं उत्तर पाहिजे तर रिझॉल्व्ह म्हणा, मी डिस्कवर जाऊन बघून येतो. मला हे पटलं. ज्यांच्याकडे सिमलिंक नाहीतच त्यांनी नॉर्मपाथ वापरावं, काय बिघडत नाही.

पण एक गोष्ट मला अजून पटलेली नाही आणि त्यासाठी मी अर्धा स्टार कापतोय. तुम्ही मुख्य फोल्डर भागिले काहीतरी केलं, आणि ते काहीतरी / ने सुरू होत असेल, तर पाथलिब मुख्य फोल्डर गुपचूप टाकून देतं! होम मधला फोटो फोल्डर भागिले "/२०२४/अ" चं उत्तर "/२०२४/अ". डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, ओएस डॉट पाथ मधलं जुनं जॉइन पण असंच वागायचं, सगळं मान्य, पण यादीत एका ओळीच्या सुरुवातीला चुकून एक रेघ पडली आणि प्रोग्राम डिस्कच्या मुळाशी फोल्डर बनवायला निघाला. परमिशन नव्हती म्हणून वाचलो. आणि ताईने ऑर्डरीसाठी वेबवर फॉर्म केलाय, त्यात गिऱ्हाईक खराब आंब्याचा फोटो टाकतं, तिथे तर बाहेरच्या माणसाने दिलेलं नाव थेट भागाकारात घालणं म्हणजे दार उघडं टाकून यात्रेला जाणं. जोडून झाल्यावर रिझॉल्व्ह करायचं आणि मग तपासायचं की हा पाथ अजून आपल्या फोल्डरच्या आतच आहे ना. त्यासाठी इज रिलेटिव्ह टू आहे, पण ते पायथॉन ३.९ पासून, आणि विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथॉन ३.८, म्हणजे काकांच्या मशीनवर नाही. तिथे रिलेटिव्ह टू करून एरर आला का ते बघायचं, तेच काम होतं. फक्त शब्दाची सुरुवात जुळते का एवढं बघू नका, "फोटो" आणि "फोटो-जुने" दोघांची सुरुवात एकच.

शेवटची रेघ पण खातं ते. "फोटो/" दिलं की "फोटो" होतं. एरवी काय फरक नाही पण मी पुढे आरसिंकला (फाइली सर्व्हरवर कॉपी करणारं टूल) तो पाथ देत होतो आणि आरसिंकमध्ये शेवटी रेघ असली तर आतलं सामान कॉपी होतं, नसली तर अख्खा फोल्डर. सर्व्हरवर फोटोच्या आत फोटो बनला, दुपारभर डबल अपलोड, तेपण आमच्या रेंजवर.

इथवर रेघांचं झालं. आता खरा त्रास, ज्यावर इंग्रजीतल्या रिव्ह्यूमध्ये फार कोणी बोलत नाही कारण त्यांच्या भाषेत तो येत नाही. ऱ. तोच तो, किनाऱ्यातला, पऱ्यातला, वाऱ्यातला.

दुसऱ्या सीझनला माझ्या लॅपटॉपवर एकाच जागी दोन फोल्डर दिसायला लागले, दोन्हीचं नाव "किनाऱ्याची बाग". अक्षर न् अक्षर सारखं. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर असूच शकत नाहीत असं आपण शिकलोय, तरी समोर दिसतायत, एकात माझे फोटो एकात ताईचे. मला आधी वाटलं डिस्क गेली. मग नावातली अक्षरं एकेक करून त्यांचे कोड छापले तेव्हा कळलं. युनिकोडमध्ये ऱ दोन प्रकारे लिहिता येतो, एक म्हणजे अख्खा ऱ, एकच कोड, आणि दुसरा म्हणजे साधा र आणि त्याच्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, दोन कोड. दिसायला एकच, नियमानेही दोन्ही एकच समजायचे, पण लिनक्स आणि विंडोज हे दोघंही नाव जसं दिलं तसं ठेवतात, सारखं मानत नाहीत. आणि ताईच्या जुन्या मॅकवरची जी डिस्क होती एचएफएस प्लस, ती नाव ठेवतानाच सगळं सुटं करून ठेवते, तुम्ही अख्खा ऱ द्या, ती र आणि नुक्ता करणार. नवीन मॅकवर एपीएफएस आलं २०१७ पासून, ते दिलं तसंच ठेवतं आणि शोधताना दोन्ही एकच धरतं, म्हणजे मॅकवाल्याला कधी कळणारच नाही की त्याने आपल्याकडे काय पाठवलंय.

पाथलिबला विचारलं हे दोन पाथ एकच का, तर म्हणतं नाही. बरोबरच आहे त्याचं, अक्षरं वेगळी आहेत. पण विंडोजचा पाथ असेल तर लहान मोठी इंग्रजी अक्षरं ते एकच धरतं हां, मोठं ए आणि छोटं ए एक. म्हणजे त्यांच्या ए ची सोय आहे, आमच्या ऱ ची नाही. इथे मी वैतागलो खरं. उपाय पायथॉनमध्येच दुसऱ्या डब्यात आहे, युनिकोडडेटा, त्यात नॉर्मलाइझ, त्याला एनएफसी सांगायचं, मोबाइल टेकवून पैसे देतात ते एनएफसी नव्हे, हा अक्षरं जोडून ठेवायचा प्रकार. र आणि नुक्त्याचा परत ऱ होतो. मी खूश. आठवडाभर.

मग तिसरा फोल्डर आला! काकांच्या मशीनवर बिलं टाइप करायला गावातला एक मुलगा येतो, त्याचा कीबोर्ड जुन्या वळणाचा, तो ऱ्या काढायला र, हलन्त आणि मग एक न दिसणारं चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर म्हणतात ते, आणि मग या असं टाइप करतो. स्क्रीनवर तोच सुंदर चंद्रकोरीसारखा अर्धा र. पण हे युनिकोडच्या नियमात पहिल्या दोघांशी सारखं नाही, त्यामुळे एनएफसी करा नाहीतर आणि काय करा, तो तसाच राहतो. म्हणजे "पऱ्याकडची" हे नाव तीन प्रकारे लिहिता येतं, त्यातले दोन नियमाने जुळतात आणि तिसऱ्याला हाताने धरून आणावं लागतं. मी सरळ एक ओळ लिहिली, र हलन्त आणि ते अदृश्य चिन्ह दिसलं की ऱ आणि हलन्त कर. मराठीपुरतं हे चालतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. एप्रिलमध्ये ताईने मॅकवर फाइल बनवली "12/4 पाठवणी" नावाची पीडीएफ. मी म्हटलं हे शक्यच नाही, नावात / चालत नाही. तर मॅकच्या फाइंडरमध्ये चालतं! ते दाखवताना / दाखवतं आणि आत बाकीच्या प्रोग्रामना तेच कोलन म्हणून देतं, कारण जुन्या मॅकमध्ये फोल्डरमधलं चिन्ह कोलन होतं, तिथून ही अदलाबदल चालत आलीय. तर आत नाव "12:4 पाठवणी". माझ्या लिनक्सवर कोलन चालतो, फाइल आली, उघडली, छान. तिथून प्रोग्रामने काकांच्या विंडोजवर लिहिली. एरर नाही. काकांनी बघितलं तर "12" नावाची फाइल, साइझ शून्य. कारण एनटीएफएस मध्ये, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धतीत, नावात कोलन आला की पुढचं नाव म्हणजे फाइलच्या पोटातला चोरकप्पा, सगळी पीडीएफ त्या कप्प्यात जाऊन बसली आणि बाहेर नुसतं रिकामं नाव. दिल्लीला जाणाऱ्या पेट्यांचं बिल होतं ते. पाथलिबने एका शब्दाने सावध केलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते त्याचं कामही नाही, पण तेव्हा हे कोणाला सुचतं.

अशा अजून बारीकसारीक खोड्या आहेत त्या भराभर सांगतो. विंडोज नावाच्या शेवटचं टिंब आणि स्पेस खातं, आणि मराठीत गिऱ्हाइकाचा फोल्डर "आणि कं." असा टिंबाने संपणं रोजचं. कॉन, ऑक्स, नल, पीआरएन आणि कॉम१ वगैरे नावं तिथे फाइलला चालत नाहीत, डॉसच्या काळातली राखीव आहेत, आमचं यावरून कधी अडलं नाही. कॅमेऱ्याच्या फाइली जेपीजी मोठ्या अक्षरात येतात, छोट्या अक्षरात शोधलं तर विंडोजवर सापडतात, लिनक्सवर नाही, नवीन पायथॉनमध्ये ३.१२ पासून सांगता येतं की लहान मोठं बघू नको. आणि लांबी. विंडोज ७ वर अख्खा पाथ २६० अक्षरांच्या आत लागतो, विंडोज १० मध्ये २०१६ नंतर ती मर्यादा काढता येते पण सेटिंग चालू करावी लागते. लिनक्सवर उलटं, एका नावाला २५५ बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइट, काना मात्रा वेलांटीसुद्धा वेगळी मोजायची, म्हणजे ८५ मध्ये खेळ खलास. काका फाइलला नाव देत नाहीत, बातमी देतात, "पऱ्याकडची बाग दुसरी तोडणी गुरुवारची डागी फळं वेगळी काढलेली मोठ्या पेटीतली टेंपोत चढवण्याआधी काढलेला फोटो". विंडोजवर बिनधास्त सेव्ह, माझ्याकडे नाव लांब म्हणून नकार. कापायचं तर हलन्तावर कापू नका, नाव लंगडं दिसतं.

गिटवाल्यांसाठी जाता जाता, स्टेटसमध्ये मराठी नावांच्या जागी आकडे आणि उलट्या रेघांचा ढीग दिसत असेल तर फाइल बिघडलेली नाही, कोटपाथ नावाची सेटिंग बंद करा, मराठी दिसायला लागतं.

दुसरे ऑप्शन बघितले का? बघितले थोडे. ओएस डॉट पाथ अजून आहेच, चालतं, पण वाचताना कंसात कंस. ताईच्या फॉर्ममागे नोड (म्हणजे सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट) आहे, त्याचं पाथ मॉड्यूल, त्यात पण विंडोजचं आणि पॉझिक्सचं वेगवेगळं काढून वापरता येतं, आणि त्याचं नॉर्मलाइझ ".." खोडतं. ऱ च्या बाबतीत दोघंही सारखेच, हात वर.

तर घ्यायचं का? घ्याच, फुकट आहे. साडेचार स्टार, अर्धा त्या गुपचूप टाकून देण्याबद्दल. फक्त डब्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा, ते रस्ता सांभाळतं, नावं नाही. नावांसाठी मी वेगळं वीसेक ओळींचं फंक्शन केलंय, एनएफसी, मग तो अदृश्य चिन्हाचा बदल, कोलनच्या जागी डॅश, शेवटची टिंबं आणि स्पेस कापणं, आणि बाइट मोजून लांबी. कुठलीही फाइल कुठल्याही मशीनवरून आली की आधी यातून जाते, मग पाथलिबकडे. गेल्या सीझनला एकही जुळा फोल्डर झाला नाही. आणि जुन्या डिस्कवर चालवायच्या आधी कॉपी काढा, दोन जुळे फोल्डर एक होताना आत एकाच नावाचे दोन फोटो असले तर एक दुसऱ्यावर बसतो, मला विचारू नका कसं माहीत.

या जूनला पहिल्या पावसात, लाईट होती म्हणून, ते फंक्शन २०२१ च्या जुन्या डिस्कवर चालवलं. तिथेही "पऱ्याकडची बाग" दोन निघाल्या. एक रिकामी, जी आम्ही तेव्हा शंभर वेळा उघडून बघितली होती, आणि दुसरी त्या न दिसणाऱ्या चिन्हाची, जुन्या बिलांच्या फोल्डरात पडलेली. नाव टाइप करून शोधलं तेव्हा ती कधी आलीच नव्हती. आत एकोणीस फोटो, सगळी कलमं उभी, मागे तो जुना साकव, तारीख वादळाच्या आधी बारा दिवसांची. धावत जाऊन काकांना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, एकेक नीट बघितला आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला, "बरे इले. आता ह्यां घेवन काय करू? पंचनामो होवन चार वर्षां झाली."